माझ्या खुब्यावर बैलाचा इलाज

माझ्या खुब्याची गोष्ट म्हसा गावी भरणाऱ्या गुरांच्या जत्रेपासून सुरू होते आणि म्हशाच्या जत्रेपाशीच येऊन थांबते. मधली काही वर्षं मी लंगडण्यात घालवली.

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, वैशाखऱ्याच्या अलीकडे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, आणि उरलेल्या वेळात शेतकरी. पण गावात माझी खरी पत होती ती बैलपारखी म्हणून. कुणाला म्हशाच्या बाजारातून बैल आणायचा असला की निरोप यायचा, "गुरुजी, जरा चालून बघायला चला." म्हणजे बैलाने चालायचं आणि मी बघायचं. दात, खूर, वशिंड कुणीही तपासतो. मी बैलाच्या मागे जाऊन उभा राहायचो, डोळे बारीक करायचो, आणि तो दहा पावलं गेला की कुठल्या पायात खोट आहे ते सांगायचो. बहुतेक वेळा बरोबर यायचं. चुकलेल्या वेळा मी विसरलो आहे. लोक विसरले नाहीत, पण तो त्यांचा प्रश्न.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर अशाच एका जत्रेहून मी बैलगाडीने घरी येत होतो. दुपारचं उबदार ऊन, गाडीत पेंढा, पोटात जत्रेतली भजी. बैलांना वाट पाठ होती, म्हणून मी आडवा झालो. एका वळणावर चाक दगडावर चढलं आणि मी झोपेतच गाडीतून उतरलो. बैल तसेच पुढे गेले आणि वेळेवर घरी पोचले. बायकोने आधी पेंढ्यात हात घालून पाहिलं, मी तिथे नाही अशी खात्री झाल्यावर मग माणसं शोधायला निघाली.

गावात मी सांगितलं की बैलाने लाथ मारली. बैलपारखी माणूस गाडीतून झोपेत पडला, हे बरं दिसत नाही. बायकोने आठवडाभर ऐकून घेतलं. मग एक दिवस भेटायला आलेल्या माणसांसमोर चहा ठेवत ती म्हणाली, "गरीब जनावरावर आळ नका घेऊ. त्यांनी तुमाला टाकला नाय, तुमी त्यांना सोडून उतरलात."

खुब्याचं मोडलेलं हाड मी एका हाडवैद्याकडून बसवून घेतलं. ते बसलं, पण आपल्या मर्जीने बसलं. पुढची वर्षं मी थोडा थोडा लंगडत गेलो, आणि दोन हजार साल उलटल्यावर पायाने साफ नकार दिला. मुंबईच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून दाखवला. खुब्यातल्या गोळ्याचं रक्त केव्हाच आटलं होतं. गोळा पार सुकलेल्या चिकूसारखा दिसत होता. होळीच्या सुमाराला त्यांनी तो काढला आणि तिथे धातूचा नवा बसवला.

घरी आलो तो सूचनांचं गाठोडं घेऊन. जमिनीवर बसायचं नाही. मांडी घालायची नाही. उकिडवं तर कधीच नाही. झोपताना दोन पायांच्या मध्ये उशी. आता आमच्याकडे जेवण, गप्पा, भांडणं, भाताची रोपं आणि सकाळचे विधी हे सगळं जमिनीलगतच चालतं. सकाळच्या विधींसाठी मी एक प्लास्टिकची खुर्ची घेतली आणि विळा तापवून तिच्या बैठकीला भोक पाडलं. भोक जरा उदार पडलं. तिसऱ्या सकाळी मी खुर्चीसकट अडकलो, आणि बायकोने मला त्यातून सोडवताना जे काही म्हटलं ते मास्तरकीला शोभणारं नसल्याने लिहीत नाही.

याच काळात घरात दुसरा घोर लागला. आमच्या जोडीतला एक बैल म्हातारपणाने गेला. राहिला एकटा तांबडा. माझा मेहुणा वाशिंदला कारखान्यात होता. तो रविवारी पाव-बिस्किटं घेऊन मला बघायला यायचा आणि तांबड्याकडे बघून जायचा. त्याचं म्हणणं सरळ होतं. दाजींच्याने आता नांगर व्हायचा नाही, एका बैलाने जोत होत नाही, तर म्हशाला तांबडा विकून टाकावा आणि नांगरणीला पॉवर टिलर भाड्याने आणावा. "टाइम वाचंल, दाजी," तो म्हणायचा. वाचलेल्या वेळाचं मी काय करायचं, ते त्याने सांगितलं नाही.

मी भांडलो. तांबडा आमच्याच गोठ्यात जन्मलेला. नांगर धरायला गडी मिळेल, पण बैल गेला तर मी मागे उभा राहून कुणाची चाल बघणार? शेवटी बायकोने निकाल दिला. महिनोन् महिने मला उठवायचं, बसवायचं, न्हाऊ घालायचं काम तिच्यावर पडलं होतं, तेव्हा न्यायाधीशही तीच.

"पौषात म्हशाला जाऊ," ती म्हणाली. "तुमी तांबड्याला धरून बाजार ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा. कुबडी नाय, माझा खांदा नाय. नीट चाललात तर त्याला जोडी घेऊ. लंगडलात तर तो तिथंच विकू. पायाने लंगडे तुमी, जोडीविना लंगडा तो. मला दोन लंगड्यांचा करायला जमणार नाय."

मेहुण्याने लगेच मान डोलावली. माझी चाल त्याने पाहिलेली होती.

व्यायाम शिकवायला मुरबाडच्या दवाखान्यात एक तरुण बाई आठवड्यातून एकदा यायच्या. मी पहिल्यांदा आत गेलो तेव्हा त्यांनी आधी मला चालायला लावलं आणि स्वतः मागे जाऊन उभ्या राहिल्या. डोळे बारीक केले. मला घाम फुटला. मागून असं बघून घेतल्यावर बैलाला काय वाटत असेल ते त्या दिवशी कळलं. मी एवढ्या बैलांची एवढ्या लोकांसमोर उणीदुणी काढली होती, आणि त्यांतल्या एकानेही मला कधी लाथ मारली नाही. फार सोशीक जनावर.

"काका, काठी कुठल्या हातात धरता?"

काठी अर्थातच उजव्या हातात होती, कारण दुखरा पाय उजवा. बाईंनी ती काढून डाव्या हातात दिली. भार दुखऱ्या बाजूने काढून घ्यायचा तर आधार पलीकडून हवा, म्हणाल्या. आणि सांधा नवा असला तरी त्याच्याभोवतीचे स्नायू जुनेच आहेत. वर्षानुवर्षं लंगडून आळसावलेले, त्यात ऑपरेशनमध्ये कापून शिवलेले. उजव्या पायावर उभं राहिलं की कुल्ल्याचा स्नायू कंबर तोलून धरत नाही, म्हणून ती डावीकडे पडते. तो स्नायू हळूहळू कामाला लावायचा. कुशीवर झोपून पाय वर. उताणं झोपून गुडघे दुमडून कंबर वर. खांब धरून पाय बाजूला. थोडं थोडं, रोज.

थोडं थोडं हा शब्द माझ्या कानात शिरला, पण आत जाईपर्यंत कुठे तरी गळून पडला.

जून आला, आषाढ लागला, आणि माझ्या पायात काही जोर येईना. शेवटी मी विचार केला, आणि तिथेच घोटाळा झाला. आमच्याकडे बैलाचा मागचा पाय उन्हाळ्यात बसून बसून ढिला पडला, की त्याला रोज ओढ्याकाठच्या गाळात फिरवतात. गाळातून पाय उपसून उपसून त्याची मांडी भरते. मी स्वतः हा इलाज कितीतरी जणांना सांगितला होता, आणि बैल खडखडीत बरे झाले होते. मग माझ्याच मांडीने काय घोडं मारलं होतं? बाई शहरातल्या, त्यांना चिखलाचा गुण काय माहीत!

बायको मुरबाडच्या बाजाराला गेली, तो दिवस मी निवडला. शेजाऱ्याशी सावड होती. त्याचा एक बैल आणि आमचा तांबडा मिळून आमच्या वरच्या शेतात चिखलणी झालेली होती. चिखल कसा, तर लोण्यासारखा. मी काठी बांधावर टेकवली, लुंगी खोचली आणि उतरलो.

पहिली काही पावलं फार छान गेली. गुडघ्यापर्यंत गारवा, वर ढगाळ हवा, आणि मनात म्हशाचा बाजार. मी शेताच्या मध्यापर्यंत पोचलो. तिथे उजवा पाय आत गेला आणि आतच राहिला. मी उपसला, निघेना. बैल अशा वेळी काय करतो ते मला ठाऊक होतं. तो अंग एका बाजूला टाकून पाय आडवा ओढतो. मीही तसंच केलं. मांडीच्या मुळापासून कुल्ल्यापर्यंत अशी कळ गेली, की मला धातूचा तो नवा गोळा डोळ्यांसमोर दिसला.

शेजारच्या शेतात बाया आवणी करत होत्या, भाताची रोपं लावत होत्या. त्यांनी पाहिलं, की गुरुजी शेताच्या मधोमध उभे आहेत आणि बराच वेळ हलत नाहीत. आधी त्यांना वाटलं, मी चिखल बघतोय. मग मी हाक मारली. बैल रुतला तर त्याच्या पोटाखाली फळी सरकवतात, तशीच त्यांनी फळी आणून माझ्यापुढे टाकली आणि दोघींनी मला बगलेत धरून तिच्यावर ओढलं. त्यांतली सगळ्यांत वयस्कर बाई माझ्या मागून जोर लावत होती.

"शेपूट नाय ना गुरुजींना," ती शांतपणे म्हणाली. "शेपूट पिळला असता तर कवाच भाईर आले असते."

त्या दिवशी आवणीला उशीर झाला म्हणतात. हसू थांबल्याशिवाय रोप सरळ लागत नाही.

संध्याकाळपर्यंत कुल्ला आणि मांडी टरटरून सुजली. हात लावला तर गरम. बायको बाजारातून आली, तिने निरगुडीचा पाला तापवून शेक दिला, आणि सूज आणखी भडकली. मग ती सकाळच्या टेम्पोची तजवीज करायला बाहेर पडली. तेव्हा मला खरी भीती वाटली. मनात एकच: सांधा निखळला असेल तर परत मुंबई, परत ऑपरेशन, म्हसा गेलं आणि तांबडाही गेला.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत गादी घालून मला मुरबाडला नेलं. एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो बघितला, मग व्यायामाच्या बाईंनी बघितला. मी त्यांचं तोंड बघत होतो.

"सांधा जागेवर आहे," बाई म्हणाल्या. "सूज स्नायूंना आलीय. काय उचललंत?"

"काही नाही, उजवा पाय," मी म्हणालो.

बायकोने मग सगळं सांगून टाकलं, चिखल, फळी आणि शेपटासकट. बाईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला, तो फसला. मग त्यांनी मला बैलाचा इलाज नीट विचारून घेतला. किती दिवस फिरवता, बैल काय वयाचा असतो, त्याला ऑपरेशन झालेलं असतं का. माझ्याच तोंडून उत्तरं वदवून घेतली आणि म्हणाल्या, "बैलाला चार पाय असतात, काका. एक रुतला तर तीन उरतात. तुमच्याकडे उरतो एक, तोही आधीच दमलेला. आणि बैलाचा स्नायू कुणी कापून शिवलेला नसतो. नुकत्याच सांधलेल्या दोराला तुम्ही गाडा ओढायला लावलात."

आता आधी विश्रांती, शेक बंद, आणि बर्फ. बर्फ म्हणजे कपड्यात गुंडाळून, थोडा वेळ.

आमच्या गावात बर्फ एकीकडेच मिळायचा. मासे विकायला येणाऱ्या बाईच्या टोपलीत. ती मला रोज एक खडा काढून द्यायची, बोंबलांच्या खालचा. फडक्यातून पाणी गळायचं, सूज उतरायची, आणि मांडीला असा वास सुटायचा की गल्लीतली मांजरं माझ्या खाटेखाली वस्तीला आली. एक बोका तर माझ्या मांडीवर इतक्या श्रद्धेने बसायचा की बायको म्हणाली, आजपर्यंत तुमच्यावर इतका जीव कुणी लावला नसंल.

सूज हळूहळू ओसरली. या खेपेला मी सांगितलं तेवढंच केलं. अंगणात लोकांसमोर पाय वर करायला लाज वाटायची, म्हणून मी गोठ्यात खांब धरून व्यायाम करायचो. तांबडा रवंथ करत बघत राहायचा. मी पाय बाजूला उचलला की तो कान उचलायचा. गौरी-गणपती झाले, नवरात्र झालं, कापणी आली. गडी भात कापत होते आणि मी घरात उताणा पडून कंबर वर-खाली करत होतो. आलेल्या पाहुण्यांना काय सांगायचं हा बायकोपुढे प्रश्नच होता. ती सांगायची, "त्यांचा अभ्यास चाललाय."

दिवाळीनंतर मी शाळेत रुजू झालो, उंच खुर्चीवर. आणि संध्याकाळी बायको माझी परीक्षा घ्यायची. मी रस्त्याने पुढे चालायचो, ती मागे. बैल बघायला मीच तिला शिकवलं होतं, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार? ती माझ्या सदऱ्याच्या खालच्या कडेकडे बघायची. कंबर डावीकडे पडली की कड तिरकी व्हायची. "पडते," ती मागून म्हणायची. थोडं पुढे गेलं की, "पडते." मी शक्कल लढवली आणि सदरा पँटीत खोचला. ती म्हणाली, "खांदा पडतो." त्यापुढे शक्कल नव्हती. उजव्या पायावर भार आला की कुल्ला आवळून धरायचा, असं बाईंनी शिकवलं होतं, तेच करत राहिलो. पौष उजाडला तेव्हा ती मागून बरंच अंतर गप्प चालली. मी घाबरून वळून पाहिलं. ती होती. पाटीतलं गवत सावरत येत होती, इतकंच.

म्हशाच्या जत्रेत थंडी कडक होती. टेम्पोतून तांबड्याला उतरवलं. मेहुणा वाशिंदहून मुद्दाम रजा टाकून आला होता. मी उजव्या हातात कासरा घेतला आणि डाव्या हातात काठी.

"काठी नाय ठरली होती," मेहुणा म्हणाला.

"कुबडी नाही असं ठरलं होतं," मी म्हणालो. "ही बैलाची काठी. बाजारात बैल धरलेला एकतरी माणूस दाखव, ज्याच्या हातात काठी नाही."

मेहुण्याने बाजारावर नजर फिरवली. शेकडो माणसं आणि प्रत्येकाच्या हातात काठी. त्याने बहिणीकडे बघितलं. बायको पदर डोक्यावर घेत म्हणाली, "चला." एवढंच. त्या एका शब्दावर मी तो बाजार चाललो. धूळ, शेण, घुंगरांचा आवाज, दोरांना ओलांडणारी माणसं. उजवा पाय, आवळा. डावा पाय, सोडा. उजवा, आवळा. एका ठिकाणी ओळखीच्या व्यापाऱ्याने हाक मारली, "गुरुजी, पाय सुधारला की!" मी मान हलवली. बोलायला गेलो असतो तर आवळायचं राहिलं असतं. त्या टोकाला पोचून मी वळलो. बायकोचे डोळे भरले होते, पण ती म्हणाली की धूळ फार आहे.

मेहुण्याने माझ्या हातात चहाचा पेला दिला. "जमला, दाजी," म्हणाला. तो मनाचा वाईट नव्हता. टिलरवाल्याला त्याने शब्द देऊन ठेवला होता एवढंच.

मग जोडी शोधायची वेळ आली. एक बांडा बैल डोळ्यांत भरला. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा, उंचीला तांबड्याला जुळणारा, दात बरोबर, शिंगं देखणी. मी मागे जाऊन उभा राहिलो आणि रुबाबात म्हणालो, चालवा. मालकाने चालवला. मीही त्याच्या मागोमाग चार पावलं गेलो, आणि कबूल करायला हरकत नाही, माझं सगळं लक्ष माझ्याच कुल्ल्यावर होतं. बायको मागे उभी होती ना! बैल कसा गेला ते मला आजही आठवत नाही. मी कसा गेलो ते पक्कं आठवतं. मग बैलाच्या मालकाने आणि मी टॉवेलाखाली हात घालून बोटं दाबून भाव केला, सौदा ठरला, बांड्याच्या कपाळाला गुलाल लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको गोठ्यातून आली. "अवो," ती म्हणाली, "जरा भाईर या. मागून बगा."

बांडा पाण्याकडे चालला होता. उजव्या मागच्या पायावर भार आला की त्याचं पुठ्ठं डावीकडे पडत होतं.

टॉवेलाखालचा सौदा माघारी फिरत नाही, ही बाजाराची रीत. आणि तो मी केला होता, पंचक्रोशीतल्या बैलपारख्याने, भर उजेडात, मागे उभं राहून. गुरांच्या डॉक्टरांनी दाबून बघितलं. हाड शाबूत. टेम्पोत चढवता-उतरवताना कधीतरी पाय निसटला असेल, स्नायू दुखावलाय, म्हणाले. गावातल्या लोकांनी एकमुखाने इलाज सांगितला, ओढ्याच्या गाळात फिरवा.

मी नको म्हणालो. आधी विश्रांती. सुरुवातीला गार पाण्याच्या पट्ट्या. बर्फ मी मागितला होता, पण मासेवाली म्हणाली की बैलाला पुरेल एवढे बोंबील तिच्याकडे नाहीत. मग कडक जमिनीवर, सपाट वाटेने, थोडं थोडं चालणं. रोज शाळा सुटली की मी त्याला ओढ्यापर्यंत नेऊन आणायचो. डाव्या हातात काठी, उजव्या हातात कासरा. मी दमलो की तो थांबायचा, तो अडला की मी. फाल्गुनापर्यंत त्याचं पुठ्ठं सरळ झालं. माझी कंबर दमल्यावर अजून जराशी पडते, आणि ती पडली की मी वाटेत दगडावर न बसता झाडाला टेकून उभा राहतो.

आषाढात गड्याने तांबडा आणि बांडा जुंपून वरच्या शेतात चिखलणी केली. व्यायामाच्या बाईंनी मला बजावलं होतं की चिखलात पाऊल टाकायचं नाही, ना आता ना पुढे कधी. म्हणून बायकोने बांधावर लाकडी खुर्ची आणून ठेवली, वर उशी, आणि मी छत्री धरून बसलो. बांडा तांबड्याच्या बरोबरीने ओढत होता. मी मागून बघत होतो. चाल स्वच्छ होती, आणि या खेपेला मी ती खरोखर बघितली.

शेजारच्या शेतात त्याच बाया आवणीला होत्या. त्या म्हाताऱ्या बाईने कंबर सरळ केली आणि ओरडून विचारलं, "गुरुजी, येताव का चिखलात? फळी हाय आमच्याकडं."

मी छत्री जरा कलती केली आणि खुर्चीत आणखी मागे सरकून बसलो.